चारशे अठराची जागा

आमच्या सोसायटीतल्या वाघमारे काकांनी गेल्या अडीच वर्षांत तीन वेळा घर बदललं आणि बी-विंगमधला दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट एकदाही सोडला नाही. दर वेळी इस्त्रीचा शर्ट घालून, पेढ्यांचा पुडा घेऊन ते दारोदार फिरले. प्रत्येकाच्या हातात एक पेढा आणि एक छापील चिठ्ठी. चिठ्ठीवर वरती 'पत्त्यात बदल' आणि खाली इंग्रजी अक्षरांची एक लांबलचक आगगाडी. पहिल्या वेळी आमच्या ह्यांनी ती चिठ्ठी उलटीसुलटी करून विचारलं, "काका, फ्लॅट विकला का काय?"

"फ्लॅट इथंच आहे," काका म्हणाले, "मी गेलो."

ह्यांनी पेढा तोंडातच धरून ठेवला. माणूस समोर उभा राहून 'मी गेलो' म्हणतो म्हटल्यावर पेढा गिळावा की नाही, प्रश्नच पडतो हो.

मी सोसायटीची सेक्रेटरी. कशी झाले ते विचारू नका. चाकणला एका कंपनीत डिस्पॅचला आहे. त्या दिवशी कंपनीची बस तळवड्याच्या चौकात अडकली, मी मीटिंगला उशिरा पोहोचले, आणि जी हजर नव्हती तिला एकमताने निवडून मंडळी चहा पीत बसली होती. तेव्हापासून पाण्याचा टँकर, लिफ्ट, पार्किंग आणि वाघमारे काका असे चार विषय माझ्या गळ्यात आहेत. पहिल्या तिन्हींवर निदान काहीतरी तोडगा निघतो.

काका मूळचे लातूरकडचे. एकोणिसाव्या वर्षी भोसरीतल्या एका कारखान्यात लागले आणि सव्वीस वर्षं गेजरूममध्ये काढली. गेजरूम म्हणजे मापं तपासायची खोली. पुढं कारखान्याला टाळं लागलं, काकांनी इकडंतिकडं इन्स्पेक्शनची कामं केली, आता घरी असतात. काकू नाशिकला लेकीच्या बाळंतपणाला गेल्या त्या तिकडंच रमल्या. नातू आता शाळेत जातो, तरी काका 'बाळंतपणाला गेलीय' असंच सांगतात.

गेजरूम सुटली पण गेजरूमची जीभ सुटली नाही. कुठल्याही गोष्टीला काका आधी टॉलरन्स विचारणार. टॉलरन्स म्हणजे माप ठरलंय त्याच्यापेक्षा किती इकडंतिकडं झालेलं चालेल. चहा विचारला तर, "साखरेला टॉलरन्स किती?"

"एक चमचा घालते, काका."

"एक चमचा हे माप झालं. अधिक-उणे?"

चहा पसंत पडला तर 'गो', नाही पडला तर 'नो-गो'. माझ्या हातचे पोहे गेली तीन वर्षं नो-गो आहेत.

आणि तो रुमाल! मीटिंगला काका सगळ्यांच्या आधी येणार, दुसऱ्या रांगेत कडेच्या खुर्चीवर बसणार आणि शेजारच्या खुर्चीवर पांढरा रुमाल टाकून ठेवणार. कंपनीच्या बसमध्ये मित्रासाठी जागा धरतात ना, तसा. कुणी बसायला गेलं की, "माणूस यायचाय." मीटिंग संपेपर्यंत कुणी येत नाही. लोक भिंतीला टेकून उभे आणि एक खुर्ची रुमालाला. माझं डोकं फिरायचं. एकदा मी चारचौघांत म्हणाले, "काका, रुमालाला मेंटेनन्स लावू का?" काका शांतपणे म्हणाले, "लावा की. पण जागा त्याची राहील."

कारखान्याचे किस्से सांगायचे ते सगळे कुठल्याशा 'चारशे अठरा'चे. चारशे अठरा सकाळी रुसायचा. चारशे अठराला चहा लागायचाच. चारशे अठराचा आवाज आला की अख्ख्या गेजरूमला बरं वाटायचं. मी मनात म्हणायची, असेल एखादं मशीन. चहा म्हणजे ऑइल असेल. आमच्या कंपनीत एक जुनी क्रेन आहे, तिला सगळे 'मावशी' म्हणतात, तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

आता ह्या घर बदलण्याच्या भानगडीकडे येते. मला ती नीट समजलेली नाही हे आधीच सांगून टाकते. काकांनी मला ती किमान दहा वेळा समजावली आहे आणि दर वेळी मला आदल्या वेळेपेक्षा कमी कळलं आहे.

सुरुवात अशी की एका साइटवर काकांच्या कारखान्यातल्या लोकांचा 'जुनी गेजरूम' नावाचा ग्रुप होता. कोण कोकणात, कोण बीडला, कोण सुरतेला, सगळे तिथं भेटायचे. एका सकाळी काकांनी उघडला तर 'हे पान उपलब्ध नाही'. नियम मोडला म्हणे. कुठला नियम, ते सांगायला समोर माणूसच नाही. तक्रार केली की मशीन उत्तर देणार, 'तुमचं म्हणणं आमच्यासाठी महत्त्वाचं आहे.' कित्येकांचे नंबर तेवढ्यात बदललेले, पत्ते हरवलेले. काकांनी दोन पत्रं टाकली, ती परत आली.

"सव्वीस वर्षांची माणसं, ताई, एका बटणात गेटाबाहेर!" काका म्हणाले. "कामून? कारण वॉचमन आपला नव्हता. आता मला एकच पाहिजे. उद्या कुणी मला हुडकायला निघालं, तर मी सापडलो पाहिजे. बाकी सगळ्याला टॉलरन्स आहे. ह्याला नाही."

एवढं मला समजलं होतं. इथपर्यंत मी शहाणी होते.

मग काकांना कुठून तरी कळलं की मालक नसलेलीही सोशल नेटवर्कं असतात. पहिलं घर ॲक्टिव्हिटीपब नावाच्या पद्धतीतलं. काकांनी त्याचं बारसं केलं 'सोसायटीवाली'. त्यात म्हणे सगळ्यांचा मिळून एक मालक नसतो. गावोगावी छोटे छोटे सर्व्हर, प्रत्येकाचा आपापला सेक्रेटरी, आणि सगळे एकमेकांशी बोलू शकतात. तुमच्या नावापुढं सर्व्हरचं नाव लागतं, फ्लॅटच्या पत्त्यात सोसायटीचं लागतं तसं.

"म्हणजे चांगलंच की," मी म्हणाले.

"सेक्रेटरी चांगला असेपर्यंत."

काकांचा सेक्रेटरी मारुंजीला भाड्याच्या खोलीत राहणारा एक आयटीवाला होता. माणूस सज्जन. पण त्याचं दुसऱ्या एका सर्व्हरच्या सेक्रेटरीशी वाजलं आणि त्या सेक्रेटरीनं काकांच्या अख्ख्या सर्व्हरलाच आपल्याकडं बंदी घातली. इकडचं बोलणं तिकडं जाईना. मी म्हणाले, शिव्या देणाऱ्या लोकांना असं बाहेर ठेवता येत असेल तर वाईट काय? काका म्हणाले, "तेवढा गुण आहे त्याच्यात, मी नाही म्हणत नाही. घाण दारातच अडवता येते. पण मी काय केलं होतं? दोघांच्या भांडणात मी वाळीत. वाळीत टाकणं माझ्या आज्यानं बघितलंय, ताई. मी फोनमध्येसुद्धा सहन करायचा नाही." पुढं मारुंजीवाल्याला बंगळूरला नोकरी लागली आणि त्यानं हात जोडून सर्व्हर बंद केला. ओळखीची माणसं नव्या पत्त्यावर नेता येतात, पण आधी लिहिलेलं सगळं तिथंच राहतं म्हणे. काका निघाले. पेढे.

दुसरं घर एटी प्रोटोकॉल. ही 'पेटीवाली'. ह्यात तुमचं सगळं लिखाण एका पेटीत असतं, पेटीवर तुमची सही असते. घरमालक पटला नाही तर पेटी उचलायची, दुसरीकडं न्यायची. नाव तेच, माणसं तीच, लिखाण तेच. मी म्हणाले, "काका, संपला की प्रश्न! आता बसा निवांत."

महिनाभर बसले निवांत. मग एका रविवारी मापाची पट्टी घेतल्यासारखा चेहरा करून आले. "ताई, पेटी माझी. पण गावभरच्या पेट्यांतलं सगळ्यांना दिसायचं तर ते आधी एका मोठ्या गोदामात गोळा व्हावं लागतं. तेवढं गोदाम तुमच्या-माझ्यासारख्याला झेपत नाही. बांधता कुणालाही येतं, पण बांधलंय कुणी? दोघा-चौघांनी. आणि कुणाची पेटी कुठं, ती वहीसुद्धा बहुतेक एकाच टेबलावर. त्या टेबलावरचा माणूस उद्या रुसला तर?"

"तेवढा टॉलरन्स नाही का चालणार?"

"शोधायला सोपं आहे, सगळं एका जागी दिसतं, हे कबूल. पण नो-गो." पेढे.

तिसरं नॉस्टर, म्हणजे 'किल्लीवाली'. इथं घर नाही, पेटी नाही, सेक्रेटरी नाही, वही नाही. फक्त एक किल्ली. त्रेसष्ट अक्षरांची. ती ज्याच्याकडं, तो माणूस. निरोप लिहायचा, किल्लीनं सही करायची आणि चार-पाच टपालपेट्यांत टाकून द्यायचा. एक टपालपेटी बंद पडली तरी बाकीच्या आहेत. कुणी कुणाला काढू शकत नाही. कुठलीच पेटी कायम जपून ठेवायची हमी देत नाही, म्हणून काकांनी एक स्वतःची केली. त्यांच्या बाल्कनीत प्लॅस्टिकखाली जो जुना कॉम्प्युटर घरघरतो आणि ज्याच्याबद्दल खालच्या मजल्यावरून माझ्याकडे लेखी तक्रार आली आहे, ती म्हणजे टपालपेटी.

"आणि किल्ली हरवली तर?" मी विचारलं.

काका पहिल्यांदाच हळू बोलले. "तर माणूस गेला. 'पासवर्ड विसरलो' असं बटणच नाही, ताई. डुप्लिकेट करून देणारा कुणी नाही. कुणी मालक नाही म्हणजे कुणी मदतीला नाही. ह्याला टॉलरन्स शून्य."

मी हे सगळं ऐकून जनरल बॉडीत काय सांगितलं असेल? काकांनी ठराव मांडला होता की पाण्याच्या नोटिसा ह्यापैकी एखाद्या पद्धतीनं द्याव्यात, आणि चेअरमननी मला 'थोडक्यात सांगा' म्हटलं. मी उभी राहिले आणि म्हणाले, "एकात सेक्रेटरी भांडतो, एकात गोदाम लागतं, आणि एकात किल्ली हरवली की माणूस मरतो." मागून कुणीतरी विचारलं, "पण पाणी कशात येतं?" ठराव पुढच्या मीटिंगवर ढकलला गेला, तो अजून ढकलतोच आहे.

तर बुधवारची गोष्ट. जिन्यात काका भेटले, हातात दुधाची पिशवी. काहीतरी आठवलं असावं. म्हणाले, "आज चारशे अठरा फार आठवतोय. कुठं असेल कुणास ठाऊक."

मी घाईत होते, बस चुकणार होती. म्हणाले, "अहो काका, इतकी वर्षं झाली, भंगारात गेला असेल एव्हाना!"

काकांनी दुधाची पिशवी दुसऱ्या हातात घेतली. बाजूला सरकून मला वाट दिली. मी खाली उतरताना एवढंच वाटलं की आज टॉलरन्स कसा नाही विचारला.

शनिवारी काकांचा फोन पाण्याच्या टाकीत पडला. टँकरवाला टाकी पूर्ण भरत नाही असा त्यांना संशय, म्हणून पट्टी घेऊन मोजायला वर गेले आणि वाकले तसा खिशातला फोन बुडुक. रविवारी सकाळी आमच्या दारात उभे. हातात जावयाचा जुना फोन आणि ॲल्युमिनियमच्या दोन पट्ट्या. दाढी केलेली नाही. दाढी वाढलेले काका मी कधी पाहिलेच नव्हते.

"ताई, तुमची नजर बारीक आहे. जरा बसता का?"

किल्ली कागदावर ठेवली तर कागद भिजतो, फोनमध्ये ठेवली तर फोन पडतो, म्हणून काकांनी ती धातूवर ठोकली होती. कारखान्यात नटबोल्टवर नंबर पाडायचे पोलादी पंच असतात, हातोडी मारली की एकेक अक्षर उमटतं. त्रेसष्ट अक्षरं ठोकून कागद जाळून टाकला होता. पहिली पट्टी वाचून मी अक्षरं फोनमध्ये टाकली. उघडलं. वरती नाव '४१७', खाली ओळीनं रोज सकाळची एकच पोस्ट: 'आत.' रोज. साडेसहाला. 'आत.' 'आत.' 'आत.'

"हे काय काका?"

"हजेरी. चारशे सतरा माझा टोकन नंबर. गेटावर बोर्ड असायचा, पितळी बिल्ले टांगलेले. आलो की बिल्ला बाहेरच्या खिळ्यावरून आतल्या खिळ्यावर. बोर्ड बघितला की कळायचं, कोण आलंय."

"बरं, उघडलं ना? मग झालं!"

"आता ही दुसरी."

दुसरी उघडेना. 'किल्ली चुकीची आहे.' पुन्हा टाकली. चुकीची. मी एकेक अक्षर बोट ठेवून वाचलं, काकांनी भिंग लावून वाचलं. चुकीची. मग ते एकदम थांबले आणि कपाळावर हात मारला. "सहा!"

"काय सहा?"

"पंचाच्या डब्यात नऊ नसतो, ताई. सहाचाच पंच उलटा धरून नऊ ठोकायचा. मी कुठंतरी सुलट्याचा उलटा केलाय." ते खुर्चीत बसले. "सव्वीस वर्षं गेजरूम. शिकाऊ माणसानं असं केलं असतं तर मी त्याला दिवसभर उभा केला असता."

मला खरंच समजेना एवढं काय झालं. म्हणाले, "काका, तुमची स्वतःची उघडली आहे. दुसरी नवीन काढा की!"

"ती माझी नाही."

"मग कुणाची?"

"चारशे अठराची."

मी हसले. देवा शप्पथ, मी हसले. "मशीनला कशाला हो किल्ली?"

काकांनी भिंग खाली ठेवलं. "मशीन? पाटोळे, ताई. शांताराम पाटोळे. एकाच दिवशी लागलो, लागोपाठचे नंबर. बोर्डावर सव्वीस वर्षं शेजारी. बसमध्ये रोज त्याच्यासाठी रुमाल टाकायचो, कारण तो कायम धावत यायचा. कारखाना बंद झाला तसा सासुरवाडीला चिपळूणकडं गेला. ग्रुपवर रोज भेटायचा. ग्रुप गेला तसा तोही हरवला."

मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. बुधवारी जिन्यात काय बोलले होते मी!

"म्हणून त्याची किल्ली मीच काढून ठेवली," काका सांगत होते. "आला की हातात द्यायची. रोज सकाळी त्याला निरोप टाकतो, कुलूपबंद. ह्याच किल्लीनं उघडणारा. नवी काढून काय उपयोग? आतापर्यंतचं सगळं त्याला वाचता यायचं नाही. जागा धरली आणि आता मीच..."

"काका," मी म्हणाले, "पट्टी आणा इकडं. सहा आणि नऊ मिळून किती आहेत?"

पाच होते. काकांनी इन्स्पेक्शन रिपोर्टचा कागद काढला, रकाने आखले. आधी एकेक उलटून बघायचा, मग दोन-दोन. मी टाकत होते, काका पुढं 'रिजेक्ट' लिहीत होते. ह्यांनी दोनदा स्वयंपाकाचं विचारलं, मी त्यांना कुकर लावायला सांगितलं. पाच झाल्या, दहा झाल्या. चौदाव्या वेळी फोन एक क्षण गप्प झाला आणि उघडला.

"दोन पंच उलटे," काका पुटपुटले. "एक नाही, दोन!" आणि डोळे पुसायला खिशातून तो पांढरा रुमाल काढला.

फोन माझ्या हातात होता. पाटोळ्यांच्या नावावर एकही पोस्ट नाही, एकही ओळखीचं माणूस नाही. फक्त निरोप, एकाखाली एक, सगळे न वाचलेले. शेवटचे काही समोरच दिसत होते.

'आत आलो. तू बस पकड.'

'आज टाकीला पाणी कमी. सेक्रेटरी बाई धावपळ करते बिचारी. पोहे मात्र वाईट.'

आणि बुधवारचा: 'आज एकीनं तुला भंगारात काढला. मी काही बोललो नाही. तिला कुठं माहीत, तू कोण ते. मनानं चांगली आहे, फक्त घाईत असते.'

"वाचू नका, ताई," काका हात पुढं करून म्हणाले, "त्याचे आहेत ते."

मी फोन दिला. पण वाचून झालं होतं. मी स्वयंपाकघरात गेले, नळ सोडला आणि रडले. नळाला पाणी नव्हतं, त्यामुळे बाहेर सगळं ऐकू गेलं असणार. थोड्या वेळानं बाहेरून आवाज आला, "चहा टाकला असेल तर साखरेला टॉलरन्स ठेवा, ताई. आज कितीही चालेल."

त्यानंतरच्या मीटिंगला मी पुन्हा उशिरा. सभागृह भरलेलं. सी-विंगमध्ये नवीन राहायला आलेले एक गृहस्थ दुसऱ्या रांगेतल्या रुमालाकडे निघाले. काकांनी तोंड उघडायच्या आत मीच दारातून ओरडले, "ओ भाऊ, तिथं नका बसू! रुमाल दिसत नाही का? माणूस यायचाय."

"कोण?"

"चारशे अठरा."

ते गोंधळले. "चारशे अठरा? एका मजल्यावर चारच तर फ्लॅट आहेत."

काकांनी वळून माझ्याकडे बघितलं. मग हळूच रुमालाची घडी सरळ केली आणि म्हणाले, "घ्या ताई, विषय घ्या."

त्या दिवशीही पाण्याचं काही ठरलं नाही. घरी येऊन मी मीटिंगचा वृत्तान्त लिहायला बसले, आणि हजर सभासदांच्या यादीखाली एक ओळ जास्त लिहिली: 'एक जण यायचे आहेत. जागा धरून ठेवली आहे.' चेअरमननी न वाचताच सही केली.